एकशे अठरा नंबरची काच

गेरहिल्डनं स्लाइडच्या काचेवरची काळी कागदपट्टी नखानं खरवडून काढली. खालची चिठ्ठी उघडी पडली. मग तिनं ती काच प्रोजेक्टरच्या खोक्यात शेवटून दुसऱ्या खाचेत सरकवली. शेवटची काच तिनं स्वतः, घरच्या न्हाणीघरात तयार केली होती.

व्याख्यानाचं दालन खचाखच भरलं होतं. प्रोफेसर वेंकहाउस आज निवृत्त होत होते. ते आत आले तशी चारशे विद्यार्थ्यांनी बोटांची पेरं बाकांवर आपटली. इथे टाळ्या नसतात, बाक वाजवतात. आणि पटलं नाही तर बूट फरशीवर घासतात. वेंकहाउसांसमोर आजवर कुणाची बूट घासायची छाती झाली नव्हती.

"क्रुमबीगलबाई, पडदे ओढा. आणि आज घोळ घालू नका हं, महापौर आलेत."

"नाही घालणार, साहेब."

पडदा ओढताना तिनं वर पाहिलं. शेवटच्या रांगेत, पोरांच्या गर्दीत, तिची म्हातारी आई टोपी मांडीवर घेऊन बसली होती.

सासरच्या आडनावानं अकरा वर्षं गेरहिल्ड या माणसाच्या काचा पुसत होती, ती एकाच कारणासाठी. धाकट्या बहिणीनं, थेक्लानं, युद्धाविरुद्ध पत्रकं वाटली, म्हणून त्रेचाळीस साली तुरुंगात तिचं मुंडकं उडवलं. आई प्रेत मागायला गेली, तर ते शरीरशास्त्र विभागाला दिलंय म्हणून तिला दारातूनच हाकललं. फूल ठेवायला कबरसुद्धा मिळाली नाही. इथे एक काच पुसताना पट्टी उचकटली, तेव्हा खालच्या चिठ्ठीवर गेरहिल्डला थेक्लाचं वय दिसलं, आणि तारीखही तिच्या मृत्यूचीच.

"साहेब, ही एकशे अठरा नंबरची कोण होती?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

"आमच्याकडे नावं येत नसत, बाई. नुसते नंबर."

तिनं ते जवळजवळ खरं मानलं होतं. गेल्या महिन्यात त्यांचं कपाट आवरताना जुनी नोंदवही हाती लागली, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटारडा! त्या दिवसापासून ती रोज त्यांना कॉफी नेऊन देत होती आणि हसत होती.

व्याख्यान संपत आलं. एकशे अठरा पडद्यावर आली.

"असा ताजा नमुना आता मिळत नाही," वेंकहाउस पडद्याकडे न बघताच म्हणाले. "मृत्यूनंतर दहा मिनिटांत घेतलेला."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"साहेब, तिथे लिहिलंय, स्त्री, तेवीस वर्षं, निरोगी. मग ती मेली कशानं?"

वेंकहाउस वळले. उघडी चिठ्ठी त्यांना आत्ता दिसली.

"पुढची काच! बाई, लवकर, पुढची काच!"

गेरहिल्डनं आज्ञा पाळली. नोंदवहीचं पान पडद्यावर आलं. त्यावरचं तिरकं, नीटस अक्षर त्या विभागात सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

"दिवा बंद करा," वेंकहाउस म्हणाले.

"आधी वाचा, साहेब. तुमचंच अक्षर आहे."

महापौर खाकरले. मागे कुठेतरी एक बूट फरशीवर घासला. मग दुसरा. मग सगळ्या दालनभर तो खरखराट पसरला. गेरहिल्डचा हात दिव्याच्या बटणावर होता आणि तो ती हलवणार नव्हती. वेंकहाउसांच्या कपाळावरचा घाम तिनं डोळे भरून पाहिला. बावीस वर्षांत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

बूट थांबेनात, तेव्हा ते पुटपुटले, "एकशे अठरा. थेक्ला ओस्टरहॉल्झ. शिरच्छेद."

"ऐकू नाही आलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्यांनी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. बूट थांबले. वेंकहाउस कागद गोळा करू लागले.

"अजून एकदा, साहेब," गेरहिल्ड म्हणाली. "आई वर बसलीय, तिला कमी ऐकू येतं."