कांडीतला उरलेला थेंब

कोमट पाण्यात गोठवलेल्या रेताची पिवळी कांडी बुडाली होती, बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक, आणि तिच्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती – वळूचा क्रमांक, जात, तारीख. तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी दुसरीत होते, असा विचार करत डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सदतीस अंशांचं पाणी, तीस सेकंद, ना कमी ना जास्त. त्यानंतर आतलं रेत परत गोठवता येत नाही, वापरायचं किंवा फेकायचं. तो वळू मरूनच वीस वर्षं झाली होती, त्याच्या जातीच्या शुद्ध गाई सरकारी यादीत अकरा उरल्या होत्या, आणि द्रव नायट्रोजनच्या पिंपात त्याच्या कांड्या सकाळपर्यंत तीन होत्या. आता दोन.

त्या अकरांपैकी एक बाहेर खोड्यात उभी होती, पहाटेपासून माजावर, हंबरून हंबरून आवाज बसलेली.

आठ... नऊ. गेल्या सोमवारपासून नऊच्या पुढे मोजताना तिला धडकी भरायची. कांड्यांचा डबा पिंपाच्या मानेच्या वर काढायचा नाही, काढलाच तर दहा सेकंदांत खाली, नाहीतर आतलं मरतं – हे तिला शिकवलं होतं जुन्या साहेबांनी, ज्यांना सगळं रेतन केंद्र सेकंदसाहेब म्हणायचं, कारण ते चहासुद्धा मोजून ढवळायचे. सोमवारी साठा तपासताना तिने डबा वर घेतला आणि फोन वाजला. आई. "अगं, येताना टोमॅटो आण." आणते. "पिकलेले नको हं, कडक बघून घे..." आणि हात तसाच, वरच – किती वेळ? बारा सेकंद? वीस? मोजणारीच टोमॅटोत अडकलेली! नऊ वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं, आणि तिने ते कुणाला सांगितलंही नव्हतं. न सांगता चालण्यासारखं होतं, हीच तर मेख. कांडी मेलेली असली तर एकवीस दिवसांनी गाय उलटेल, पुन्हा माजावर येईल, एवढंच. गाई उलटतातच. मग दुसरी कांडी, मग तिसरी... आणि एक अख्खा वळू टोमॅटोपायी संपलेला असेल, हाक ना बोंब.

तीस. तिने कांडी पुसली, टोक कापलं, रेतनाच्या गनमध्ये बसवली आणि बाहेर आली.

गाईची मालकीण, काकू, शेपटी धरून उभ्या होत्या. "हा तोच ना, मोठ्या वशिंडाचा?"

"तोच."

"त्याने माझ्या सासूबाईंना कुंपणावर चढवलं होतं. तेव्हापासून मला त्याच्याबद्दल आदर आहे." काकू स्वतःच हसल्या. "शेजारी त्याच्या लेकी होत्या. दहा-दहा लिटर द्यायच्या, साध्या चाऱ्यावर. आज ती जात जगवायला सरकार फॉर्मवर फॉर्म भरून घेतंय." मग आवाज उतरला. "ही आता थकलीय, डॉक्टरबाई. पुढच्या खेपेची खात्री नाही."

तिने हात सावकाश आत घातला आणि काम केलं.

रिकाम्या कांडीत थेंबभर उरलं होतं. तो टाकून देता आला असता. तिने तो कोमट काचपट्टीवर झटकला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकली. सुरुवातीला नुसतं करडं. मग त्या करड्यात काहीतरी सरकलं.

हलत होते. देवा, हलत होते – असंख्य, सरळ, घाईघाईने, एकमेकांना ओलांडत, मधल्या सव्वीस वर्षांचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! ज्याची हाडंसुद्धा मातीत मिसळली, त्याची ही घाई. मी पाढे म्हणत होते तेव्हा, नोकरीला लागले तेव्हा, हे इथे थांबून होते, ना भूक ना श्वास... आणि अर्ध्या मिनिटाच्या कोमट पाण्याने उठून निघाले. आपल्याला रडू येतंय हे तिला उशिरा कळलं.

हलणारे जेमतेम निम्मे होते. बाकीचे पडून. ते तिच्या हातून मेले की इतक्या वर्षांनी, हे कुठलीच काच सांगणार नव्हती. आणि उरलेल्या दोन कांड्यांचं तर उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, उघडल्या की संपल्या.

"काकू, या. बघा."

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा मिटला. मग हळूच, "अगंबाई... एवढे? आणि लागतो तो एकच?"

"एकच. लागला तर." आणि त्याच दमात, "काकू, माझ्या हातून एक चूक झालीय." तिने सगळं सांगितलं – फोन, टोमॅटो, वर राहिलेला हात. काकू काचेवरचा डोळा न काढता ऐकत होत्या.

"मग आता साहेब काय करतील तुम्हाला?"

आठवडाभर तिला हाच प्रश्न पोखरत होता. आता तो कानावर पडला आणि दुसऱ्या कुणाचा वाटला. लेखी कळवायचं, आजच. चौकशी होईल, मेमो येईल... येऊ दे. भीती गेली नव्हती, उलट वाढली होती; फक्त ती साहेबांची राहिली नव्हती. नऊ वर्षं आपण हे असलं काही हातात धरत होतो, आणि फोनवर बोलत होतो!

काकू गाईकडे गेल्या. डॉक्टरबाई पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली. आता ते मंदावत होते, एकेक करून, आणि शेवटचा थांबेपर्यंत तिला तिथून उठवेना.