गॉलवेची भिंत

जळबानं गॉलवे पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून? त्यानं परभणी पाहिली होती, तीही एकदाच, कोर्टाच्या पायरीवर बसून. पण गॉलवे त्याला तोंडपाठ होतं. शाळेनं फेकून दिलेलं, पुठ्ठा उडालेलं भूगोलाचं पुस्तक त्यानं उकिरड्यावरून उचललं होतं. चौथी शिकलेला माणूस, पण एकेका शब्दावर बोट ठेवून पाच वेळा वाचून काढलं.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा परगणा. पुढ्यात समुद्र, समुद्रात बेटं, आणि बेटांवर नुसता उघडा खडक. झाड औषधाला नाही. तिथल्या गरिबांनी समुद्रातलं शेवाळ पाठीवर वाहून आणलं, वाळूत कालवून खडकावर थरावर थर चढवले आणि माती केली. वाऱ्यानं ती उडू नये म्हणून भोवती दगडावर दगड ठेवून भिंती रचल्या. त्यांत फटी ठेवल्या, वाऱ्याचा जोर मोडावा म्हणून.

माती करता येते! हे कळल्यापासून जळबाला नीट झोप नव्हती. कारण बौद्धवाड्यातल्या कुणाला मातीचं ढेकूळ कधी मिळालं नव्हतं. त्यानं गायरानाच्या टोकाला एक तुकडा धरला होता, तोही खडकाचा. तलाठी म्हणाला होता, "चैतात येऊन पाहतो. हिरवं दिसलं तर वहिती लिहितो. न्हाई तर खडक."

बहात्तरचा दुष्काळ होता. सिद्धेश्वरचं धरण आटून मागं सरकलं होतं, काठाचा गाळ आणि सडकं शेवाळ उघडं पडलं होतं. दिवसभर दुष्काळी सडकेवर खडी फोडायची आणि काम सुटलं की जळबा आणि त्याची बायको पद्माबाई टोपल्यांनी गाळ वाहायचे. पाच महिने! पद्माबाईच्या टाळूवरचे केस गेले. तेव्हा कुठं सहा खाटा मावतील एवढ्या जागेवर वीतभर माती झाली. त्यात माठाच्या भाजीचं बी टाकलं. घागरीनं पाणी. भोवती कंबरेएवढी भिंत.

"आरं, भिताडाला भोकं काहून ठिवली?" शेजारची सोजराबाई विचारायची.

"वारा गाळायला, काकू."

"पीठ चाळावं तसा वारा चाळून ऱ्हायला गं बाई माझा पुतण्या!"

गायरानाला लागून उकंडरावाचा मळा. तो बांधावर येऊन दात कोरत म्हणाला, "जळ्या, बेट करून ऱ्हायला म्हणं. समुद्र कुठं हाये?"

"समुद्र न्हाई, पाटील. वैरी मात्र तिथल्यापरीस जास्ती हायेत."

उकंडराव हसला. असली माणसं हसतात तेव्हाच भ्यावं.

माठाची पानं बोटभर झाली. तलाठी यायला आठ दिवस राहिले. त्याच सकाळी सडकेचा मुकादम संतराम, उकंडरावाच्या घरचं जेवून वाढलेला, सगळी टोळी घेऊन भिंतीपाशी आला.

"खाणीतला दगड लागून ऱ्हायला कठीण. माप भरंना. हा हाताशी हाये, हाच फोडा."

"भिंत हाये ती," जळबा आडवा झाला. "माझी."

"दगड गायरानाचा, म्हंजी सरकारचा. ज्याला तकलीफ आसंल त्यानं उद्या कामावर येऊ नये."

टोळीत सगळी वाड्यातलीच माणसं. मान वर कुणी करेना, पुढंही कुणी होईना. मग एक बाई पुढं झाली आणि तिनं भिंतीचा वरचा दगड उचलला. ती पद्माबाई होती.

"पद्मे!"

"आवं, भिंत पुन्ना रचता येती."

"आठ दिसांत न्हाई येत."

"आन् पोटाला आठ दिस कळत न्हाईत." तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "आपलं नाव हजेरीतून गेलं तर माठ कोण खाईल? भुतं?"

मग सगळ्यांनी हात घातला. सोजराबाईनंसुद्धा. ती रडत होती आणि दगड उचलत होती.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. चैतातला, तापलेला, कोरडा. घागरीचं पाणी त्याला पुरं पडेना. आधी पानं झोपली, मग मुळं उघडी पडली, मग वरची माती धूर होऊन उठली आणि बांध ओलांडून उकंडरावाच्या मळ्यात उतरली. पाच महिन्यांची माती दोन दुपारींत गेली. तलाठी आला, त्यानं बूट घासून पाहिला आणि खडक लिहिलं. बराबरच लिहिलं.

त्या बेटांवर मुकादम होते की नव्हते, पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. शेवाळ लिहिलं, वाळू लिहिली, वाराही लिहिला. माणसं लिहायचं राहिलं.

तलाठी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जळबा हातोडा घेऊन उरलेल्या ढिगाशी बसला. पुढ्यात एक लांबट दगड आला. भिंतीच्या उगवतीच्या कोपऱ्यातला, खांद्यावरून आणलेला. त्याची खूण अजून खांद्यावर होती. त्यानं दगड उलटासुलटा करून पाहिला.

"मार की रं," संतराम ओरडला. "माप भरायचं हाये."

जळबानं मारला. दगडाचे तीन तुकडे झाले. ते सडकेवर गेले. सडक उकंडरावाच्या मळ्यापर्यंतच होती.