भोवऱ्याआधीचा आवाज

माझे सासरे, आमचे बाबा, दर रविवारी दुपारी बोट चालवतात. बोट कॉम्प्युटरमधली, नदीही कॉम्प्युटरमधलीच, पण आरडाओरडा शंभर टक्के खरा. दुसऱ्या गावात दुसऱ्या कॉम्प्युटरपुढे त्यांची थोरली बहीण बसलेली असते, म्हणजे आमच्या आत्या. माल भरायचा, खडक चुकवायचे, भोवरे टाळायचे आणि आधी बंदर गाठायचं, एवढाच खेळ. पण सत्तरी ओलांडलेली ही दोन माणसं त्यावरून अशी भांडतात, की नवख्याला वाटावं घराच्या वाटण्या चालल्यात.

"बाळ्या, बोट चालवतोयस की बादली ढकलतोयस?"

"ताई, तू तुझ्या पुढे बघ. आपटशील आणि मग माझ्या नावानं रडशील."

आत्यांचं बोलणं हेडफोनमधूनही खोलीभर ऐकू येतं. एक तर त्या जन्मभर हॉकीच्या पंच होत्या, त्यामुळे हळू बोलणं त्यांना शिकवलेलंच नाही. शिवाय बाबा आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवतात. हेच दोघं फोनवर असले की बघायला नको. "कसा आहेस?" "बरा आहे. तू?" "बरी आहे. ठेवते." संपलं. हातात बोट असल्याशिवाय या भावंडांना एकमेकांशी बोलताच येत नाही. बोट असली की मात्र गुडघेदुखी, शेजारी, लहानपणी कुणी कुणाची पाटी फोडली, सगळं निघतं.

गेम जुना आहे. काढणारी कंपनी केव्हाच बंद पडली. तो जिवंत ठेवलाय जगभरच्या हौशी मंडळींनी. कुणी नवीन बोटी घालतं, कुणी नदीचा रंग बदलतं. अशा घरगुती फेरफाराला मॉड म्हणतात. माझ्या नवऱ्याने बाबांसाठी असे बरेच मॉड घातलेत, त्यातल्या एकामुळे त्यांच्या बोटीला लाल पट्टा आणि उगाचच दोन धुरांडी आली आहेत.

तर गेल्या काही महिन्यांत बाबा हरायला लागले. आधी थोडक्यात, मग सपाटून. खडकांचं काही नाही, ते भोवऱ्यात सापडायचे. बोट गरगर फिरायची, माल पाण्यात जायचा आणि आत्या पलीकडून शिट्टी मारायच्या. आत्यांकडे अजून खरी शिट्टी आहे. नवऱ्याने नवा माऊस आणला, मोठा स्क्रीन आणला, चष्म्याचा नंबर तपासून आणला. तरी भोवरा आला की बाबा आतच.

एका रविवारी ते हेडफोन काढून टेबलावर ठेवत नवऱ्याला म्हणाले, "ताईला सांगून टाक, मला आता जमणार नाही म्हणून. हात चालत नाही."

"बाबा, गेम आहे तो."

"म्हणूनच म्हणतोय. गेमसुद्धा जमत नाही."

बाबांनी गेम सोडला तर या दोघांकडे उरणार काय, "बरा आहे, ठेवते"?

आता माझ्या धंद्याविषयी. मी यंत्रांना आवाज देते. लिफ्टचं टिंग, ओव्हनचं बीप, फ्रिजचं दार उघडं राहिलं की होणारी किणकिण, असल्या गोष्टी एका खोलीत बसून कुणीतरी तयार करतं, ते कुणीतरी म्हणजे मी. आमच्या घरातल्या वॉशिंग मशीनची धून माझीच. कपडे झाले की ती एक नाजूक, उंच, गोड तान घेते. कंपनीत त्या तानेवर सगळे खूश होते. घरात मात्र ती वाजून वाजून थकायची, कपडे आत कुबट होऊन जायचे आणि मशीनला पाठ लावून बसलेले बाबा पेपर वाचत असायचे. आम्हाला वाटायचं, कामाचा कंटाळा म्हणून कानाडोळा करतात.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी तेच झालं. मशीनने तान घेतली, बाबांनी पान उलटलं. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. गेममध्ये भोवऱ्याआधी काय वाजतं? एक बारीक, उंच शीळ. भोवरा दिसत नाही, ऐकूनच बोट वळवायची असते.

मी गेमचं फोल्डर उघडलं. आवाजांच्या फायली सुट्या ठेवलेल्या होत्या, त्यातली शीळ काढून मी मोठ्या स्पीकरवर लावली. नवरा आतून धावत आला, "अगं काय लावलंयस! दात शिवशिवले माझे." बाबा कोडं सोडवत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

बाबांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं, मोठ्या मशीनवर. त्या धडधडीने त्यांच्या कानातले वरचे सूर खाऊन टाकले होते, उरलेसुरले आता वयाने नेले होते, आणि ते त्यांना सांगायची सोय नव्हती. नवऱ्याने एकदा कान तपासायचा विषय काढला होता, तर बाबा दोन वेळचं जेवण मुकाट्याने जेवले. "माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच हल्ली पुटपुटता," एवढंच म्हणाले. मग आम्ही सगळे ओरडून बोलायला लागलो आणि तो विषय मिटला.

मी ठरवलं, कानाला हात लावायचा नाही, शीळ बदलायची. तेवढा तर माझा धंदाच आहे. पण तिच्या जागी काय घालायचं? ढोलासारखं काही घातलं असतं तर ऐकू आलं असतं, पण बाबांना ते भोवऱ्याचं वाटायला हवं ना. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग माइक घेऊन त्यांचा जुना छापखाना गाठला. तिथे त्यांचा एक जोडीदार अजून कामाला आहे, सगळे त्याला शाईकाका म्हणतात. हातांकडे बघितलं की का ते कळतं.

"कागद अडकायच्या आधी ही ठेचकाळते," शाईकाका मशीनवर थाप मारत म्हणाले. "धाड-धाड-धाड चालली असते, मधेच धा-धाड करते. तुझा सासरा मशीनकडे पाठ करून चहा प्यायचा. ठेका चुकला की मागे न बघता हात बटणावर! आम्ही अजून त्याच्या गोष्टी सांगतो पोरांना."

त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम दुमडलेले कागद घालून मशीन ठेचकाळवलं. पोटात घुमणारा, जाडजूड, भारदस्त आवाज होता तो. मी घरी आणला, साफसूफ केला, जुन्या शिळेचं नाव त्याला दिलं आणि तिच्याच जागी ठेवला. गेमला काय, नाव बरोबर असलं की झालं.

"एक शेवटचा रविवार खेळा," असं म्हणत नवऱ्याने बाबांना बसवलं. मी दारात उभी होते. बोट वळणावर आली आणि हेडफोनमधून धा-धाड ऐकू आलं. बाबांचा हात त्यांच्या आधी हलला. बोट सर्रकन डावीकडे गेली, भोवरा मोकळाच फिरत राहिला. बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"हा आवाज..."

"काहीतरी नवीन मॉड आलाय वाटतं," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात पळाले.

त्या दिवशी बाबा जिंकले. पुढच्या रविवारीही जिंकले. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गेम सोडायचं नावही राहिलं नाही. शनिवारपासूनच गुणगुणायला लागायचे, आणि जिंकलेली प्रत्येक फेरी मला जेवताना सविस्तर ऐकवायचे, वळणं हाताने काढून दाखवत. आत्या मात्र फुरफुरत होत्या. "बाळ्या, तुझ्या नदीतले भोवरे रजेवर गेलेत का रे?"

"हात आहे हा, ताई. हात!"

मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. आणि मग एका रविवारी बाबांनी ऐन शर्यतीत बोट काठाला लावली. हेडफोन गळ्यात घेतला आणि मला हाक मारली. आवाजात असं काही होतं की मी हात न पुसताच आले.

"बस. ताई आणि मी बरोबरीने चाललोय. तिचा भोवरा आला की ती ओरडते. माझा भोवरा त्याच जागी, पण नंतर येतो. दर वेळी. मी तोवर आरामात निघून जातो. असं का?"

"मला कसं माहीत असणार?"

"हे आमचं मशीन आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "छापखान्यातलं, डाव्या बाजूचं. मी त्यावर जन्म काढलाय. ते ठेचकाळलं की लगेच कागद अडकतो, 'अरे' म्हणायला वेळ मिळत नाही. हे मशीन किती वेळ ठेचकाळतंय? असं कुठलं मशीन नसतं."

मी गेमचं पोट उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. गेम बनवणाऱ्याने भोवऱ्यासाठी वेगळं घड्याळ ठेवलंच नव्हतं. शीळ संपली की भोवरा उघडायचा, असा साधा हिशेब होता. नदी दोघांची एक, पण भोवरे ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर. मूळ शीळ आखूड होती. माझं मशीन मात्र ऐसपैस. आमच्या धंद्यात आवाज मधेच तोडणं म्हणजे महापाप, प्रत्येक टिंगला हळूहळू विरत जाणारं शेपूट ठेवायचं असतं. त्यातून तो आवाज मला इतका आवडला होता की कापवेना. मी शेपूट सोडलं आणि तेवढा वेळ बाबांना फुकट मिळाला.

हे सगळं सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

"म्हणजे मी जिंकलोच नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, मी मुद्दाम नाही हो केलं. वेळेचं माझ्या लक्षातच आलं नाही."

"आवाज का बदललास पण?"

आता आली का पंचाईत. मी म्हणाले, "आधीचा फार किरकिरा होता, बाबा. कुणालाही आवडला नसता."

बाबांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. मला रडू यायला लागलं होतं. वाटलं, संपलं, आता ते पुन्हा या खुर्चीत बसायचे नाहीत, आणि या वेळी कारण मी.

मग त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली. "आवाज राहू दे. चांगला आहे. जादा वेळ काढून टाक. जुन्या शिळेइतकाच कर, केसभरही जास्त नको."

आम्ही दोघांनी बसून तो कापला. मी कापलं तर ते म्हणायचे, "इथे नाही. इथे ठेका अर्धा राहतोय. धा-धाड पूर्ण होऊ दे, मग मार कात्री." स्पीकरच्या जाळीवर बोटं टेकवून ऐकत होते. शेपूट गेलं आणि आवाज एकदम खरा झाला. माझ्या तोंडावर सांगितलं नाही त्यांनी, पण मला कळलं.

मग हेडफोन चढवून त्यांनी पलीकडे ताटकळलेल्या आत्यांना सांगितलं. "ताई, माझे भोवरे उशिरा येत होते. आत्ता कळलं. मागचे सगळे सामने बाद धर."

"धरले!" आत्यांनी शिट्टीच मारली. "मला वाटलंच होतं. फाउल आहे हा सरळसरळ. झालं कसं पण?"

"भोवऱ्याचा आवाज बदललाय आमच्याकडे."

"कशाला?"

बाबांचा अंगठा टेबलाच्या कडेवर फिरायला लागला. मी पुढे वाकून माइकमध्ये ओरडले, "माझी हौस, आत्या! छापखान्याचा आवाज घातलाय."

"अगं मग मलाही पाठव तो. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असं मैदान मी चालू देत नसते. आणि छापखान्याचा म्हणतेस? नवी नोकरी लागली तेव्हा हा झोपेत धाडधाड बोलायचा. भिंतीला कान लावून हसायचो आम्ही!"

फाईल गेली. पुढच्या रविवारी दोन गावांत एकच मशीन ठेचकाळत होतं. मी आणि नवरा बाबांच्या मागे उभे होतो. भोवरे आता तोंडावर येत होते. बाबांनी एक चुकवला, दुसरा चुकवला, तिसऱ्याने बोटीचं शेपूट धरलं. ते सुटले, पण धुरांडी खडकाला घासली. बंदर दिसायला लागलं तेव्हा दोन्ही बोटी खांद्याला खांदा लावून होत्या. बाबा खुर्चीतच पुढे सरकले होते, जणू काही त्याने बोट पुढे जाणार होती. आणि आत्यांची बोट अर्ध्या नाकाने धक्क्याला लागली.

शिट्टी अशी वाजली की नवऱ्याने कानांवर हात घेतले. बाबा हरले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"हसून घे, ताई," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी तुला पाणी पाजतो की नाही बघ." हेडफोन काढून त्यांनी नीट गुंडाळून ठेवला, उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग. ते वॉशिंग मशीनपुढे उभे होते. कपडे धुऊन झाले होते, दिवा लुकलुकत होता.

"हे झालं की वाजतं म्हणता ना तुम्ही?"

"वाजतं."

"आत्ता वाजलं का?"

"हो, बाबा. तुम्ही उठलात तेव्हाच."

"मला नाही ऐकू येत," बाबा म्हणाले. ते वाक्य या घरात त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "कधीच नाही आलं. कुणी केलाय तो आवाज?"

"मीच."

"मग त्याचा सूर खाली आण जरा. सगळ्यांचेच कान काही तुझ्याएवढे नसतात." त्यांनी मशीनचं दार उघडलं आणि ओले कपडे बादलीत काढायला लागले. "आणि ताईला हे मी सांगेन, रविवारी, बोट चालवताना. तू मधे बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार," मी म्हणाले. त्यांना ऐकू जावं म्हणून नेहमीच्या सवयीने ओरडूनच म्हणाले.

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "समोर ये आणि सावकाश बोल. आणि ते चिमटे दे इकडे."