मी कोरडा होतो, मेलेला नव्हे!

मी एका जुन्या मोटारीचा तेलाचा पंप आहे. हसू नका मित्रांनो! मोटार म्हटलं की तुम्हाला भोंगा आठवतो, दिवे आठवतात, गुबगुबीत गादी आठवते. पंप कुणाला आठवतो? इंजिनाच्या कुशीत, काळोखात, मी जन्मभर खाली मान घालून राबतो. माझ्या पितळी पोटात दोन दातेरी चाकं आहेत. ती एकमेकांत दात अडकवून फिरतात, खालच्या टाकीतलं तेल वर ओढतात आणि इंजिनाच्या सांध्यासांध्यात पोचवतात. मी थांबलो तर लोखंडावर लोखंड घासून सगळं इंजिन जळून जाईल. पण कौतुक कुणाचं होतं? ड्रायव्हरसमोर काचेआड बसलेल्या त्या काट्याचं! मी तेल ढकलतो, म्हणून तो नुसता मान डोलावतो. आणि लोक म्हणतात, तेल झकास चढवतोय काटा! आता राग येणार नाही तर काय होईल?

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. बोटीनं मुंबईला आणि आगगाडीनं सोलापूरला आलो. अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीचे भुईमुगाचे मोठे व्यापारी रुद्रप्पा सावकार यांनी आमची मोटार विकत घेतली. त्या दिवशी अख्खा गाव वेशीपाशी लोटला होता. बायकांनी मोटारीला ओवाळलं, पोरांनी भोंगा वाजवून वाजवून घसा बसवला. भोंग्याचा हो, पोरांचा नव्हे!

पहिली वर्षं सुखात गेली. मग हयगय सुरू झाली. तेल काळं झालं, घट्ट झालं, त्यात रस्त्याची धूळ मिसळली, तरी कुणी बदलेना. एकदा तर कहरच झाला. वाटेत तेल संपलं, तेव्हा ड्रायव्हर मानसिंगनं घाण्यावरून करडईचं तेल आणून इंजिनात ओतलं. करडईचं! मी काय भजी तळतो?

शेवटी माझ्या चाकांचे दात झिजले. तेल वर चढेना. मोटार गोठ्यात पडली आणि कोंबड्या गादीवर अंडी घालू लागल्या. सन एकोणीसशे चौतीसच्या पावसाळ्यानंतर सावकारांना तिची आठवण झाली. दसऱ्याला मोटारीतूनच सीमोल्लंघन करायचं, असा त्यांनी हट्ट धरला. बैलजोडीनं ओढत आम्हाला सोलापुरात मल्लप्पा मिस्त्रीच्या कारखान्यात आणलं.

मल्लप्पा म्हणजे तापट माणूस. पाना सापडला नाही की पत्रे वाजवायचा. पण त्यानं मला खोललं, माझं पोट आतून सारखं केलं, नवी चाकं कातून बसवली. मग तेलाच्या घमेल्यात माझं तोंड बुडवून दांडा फिरवला, तेव्हा मी अशी धार मारली की समोरच्या भिंतीवर डाग पडला. मल्लप्पा नाचायचाच बाकी राहिला. त्यानं मला तेलानं काठोकाठ भरलं, तोंडाला चिंधीचे बोळे लावले आणि फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मल्लप्पाची बायको नागम्मा पूजेसाठी हत्यारं गोळा करायला आली. माझ्याकडे पाहून तिनं नाक मुरडलं. "अय्यो! देवाम्होरं असं काळंकुट्ट मांडायचं?" असं म्हणून तिनं मला तांब्याभांड्यांबरोबर मोरीवर नेलं. बोळे काढले, तेल ओतून दिलं, चिंच लावली, राख लावली, आतबाहेर खसाखसा घासलं आणि उन्हात वाळत घातलं. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल! मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते. जन्मात पहिल्यांदा कुणी मला फूल वाहिलं होतं. पण पोटात माझ्या थेंबभर तेल उरलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मल्लप्पा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेला. तेवढ्यात रुद्रप्पा सावकार जरीचा फेटा आणि नवा पांढरा कोट घालून हजर. घाई इतकी, की मिस्त्रीची वाट पाहायलाही वेळ नाही. मानसिंगनं मला उचललं, इंजिनाला कोरडाच बसवलं आणि हँडल मारलं. इंजिन धडधडलं. काटा मात्र हलेना. मानसिंगनं घाबरून इंजिन बंद केलं.

मी काय करणार? माझे दात आणि माझी भिंत यांच्यातली फट तेलानंच बुजते. आत तेल नसेल तर चाकं नुसती हवा घुसळतात. मी जिवाच्या आकांतानं ओढत होतो, पण हाताला हवाच लागत होती!

सावकारांनी वाकून मला पाहिलं आणि ते ओरडले, "ह्यो माझा पंपच न्हवं! माझा काळा हुता. ह्यो बघा कसा चकाकतोय! मल्ल्यानं माझा विलायती पंप विकून भंगारातला घासूनपुसून लावला. चोर हाय चोर!"

मीच तो! अहो, मीच तो! पण पंपाचं ऐकतो कोण? रस्त्यावर गर्दी जमली. मल्लप्पा दर्शन करून आला तो कपाळावरच्या ताज्या भस्मासकट या गर्दीत सापडला.

"कोण चोर?" त्यानं विचारलं.

"तू. तुझ्या दारात आता कोण मोटार आणतंय ते बघतोच मी. मानसिंग, बैल जुंप. आन् त्यो पंप काढून भंगारात टाक."

गर्दीतला एक टांगेवाला शेजाऱ्याला म्हणाला, "बघ की, म्या म्हणलं न्हवतं? मिस्त्री लोकांचं असंच असतंय." तो शब्द मल्लप्पाला कानफटात बसल्यासारखा लागला. कारखाना चालतो तो नावावर. नाव गेलं की संपलं!

इतक्यात घरातून नागम्मा धावत आली. "सावकार, पंप त्योच हाय! म्या घासलाय त्येला, काल पूजेला."

"घासलास?" मल्लप्पा तिच्यावरच कडाडला. "आगं, त्यात तेल हुतं की!"

"मला काय सपान पडलं व्हय? तुमी सांगून ठेवलं हुतं का?"

मल्लप्पानं कपाळावर हात मारला आणि पुढच्या क्षणी हसलाच. "कोरडा हाय! सावकार, पंप कोरडा हाय. वाड्यातला हापसा कोरडा पडला तर वरनं तांब्याभर पाणी वतताय का न्हाय? मग थांबा की जरा."

सावकार नको नको म्हणत होते, पण गर्दीला आता मजा पाहायची होती. मल्लप्पानं माझी वरची नळी सोडवून मला तेल पाजलं. आहाहा! मग इंजिन सुरू न होता हलकं फिरावं म्हणून त्यानं प्लग काढले. शेवटी काट्यामागची बारीक नळी सुटी केली. "काटा ऱ्हाऊ द्या. ह्या नळीच्या तोंडाकडं बघा, सावकार. जवळनं बघा."

सावकार गादीवर बसून वाकले. मानसिंग हँडल फिरवू लागला. आधी काहीच नाही. मग नळीतून हवा फुसफुसली. बुडबुडे आले. मी सगळा राग एकवटून ओढलं आणि सोनेरी तेलाची चिळकांडी उडाली ती थेट नव्या पांढऱ्या कोटावर!

लोक पोट धरधरून हसले. टांगेवाला सगळ्यांत मोठ्यानं.

सावकारांनी कोट पुसला आणि घसा साफ केला. "झालं तर मग. जोडा नळी, लावा प्लग. निघू आता."

झालं तर मग? एवढंच? माझा तर संताप संताप झाला! पण माझ्या आधी नागम्मा पेटली होती. मल्लप्पानं नळी जोडली, प्लग बसवले. तोवर तिनं मानसिंगच्या हातातलं हँडल काढून घेतलं आणि उंबऱ्यावर ते मांडीवर घेऊन बसली.

"वयनी, हँडल द्या की," मानसिंग म्हणाला.

"देती की. सावकारांनी चोर म्हणलेलं मागं घेऊ दे."

"नागम्मा, चल, घरात बोलतो मी," सावकार हळूच म्हणाले.

"चोर म्हणताना घरात आला न्हवता."

सावकारांनी मल्लप्पाकडे पाहिलं. तो चिंधीनं हात पुसत राहिला. गर्दीतला एकही माणूस हलेना. शेवटी सावकार पुटपुटले, "मल्लप्पानं पंप बदलला न्हाय."

"ऐकू आलं न्हाय. मगाशी आवाज लई मोठा हुता तुमचा."

सावकारांचे कान लाल झाले. ते मोटारीच्या पायरीवर उभे राहिले आणि पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले, "पंप माझाच हाय! मल्लप्पा मिस्त्री चोर न्हाय. चूक माझी झाली!"

नागम्मानं पदरानं पुसून हँडल दिलं. आम्ही अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो, आणि मी असं तेल पाठवलं की इंजिन लोण्यासारखं फिरत होतं.

मित्रांनो, मला फुलं नकोत, चकाकी नको. वेळेवर चांगलं तेल द्या, एवढ्यावर मी खूश आहे. एखादं यंत्र चालेना तर आधी त्याला काय हवं ते पाहा, मग खुशाल नावं ठेवा. आणि माणसाला कधी भर रस्त्यात चोर म्हणालात, तर माफी माजघरात जाऊन कुजबुजू नका. जिथे तो शब्द टाकला, तिथेच सगळ्यांदेखत वाकून तो उचला.