गोलपुढचा सडा

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. नव्या जिल्ह्याला हॉकीचा संघ हवा होता, पण शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून मला बोलावलं. मी लोह्याचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातला. नांदेडच्या दुसऱ्या फळीच्या संघात कैक वर्षं बॅक खेळलो, पहिल्या संघात कधी घेतलं नाही. गुडघा गेल्यावर गळ्यात शिट्टी घातली.

पहिलीच मॅच नांदेडशी पडली, चाकूरच्या शाळेच्या मैदानावर. संघाचे चिटणीस गुरुबसप्पा आठवडाभर मला एकच विचारत होते, "पंढरी मास्तर, जीव कुणीकडं हाय?" हसत विचारायचे, पण मी उत्तर देताना माझ्या तोंडाकडं बघत राहायचे.

मॅचच्या सकाळी पाहिलं, तर एका गोलपुढची जमीन ओली. बाकी मैदान भाजलेल्या खापरासारखं. गावात टँकर दोन दिवसांआड येई, आणि इथं चिखल.

गुरुबसप्पांनी मला बाजूला घेतलं. "आपली पोरं पळणारी. चेंडू चिखलात बसला की फायदा कुणाचा?"

"मी न्हाई टाकलं, साहेब."

"मग आभाळातून पडलं का? आज तुम्ही रेषेच्या बाहेर. हात हलवायचा न्हाई. हारलो, तर संध्याकाळच्या गाडीनं लोह्याला जायचं."

तेवढ्यात कोंडाबाई पुढं आली. आमच्या गोलकीपरची, नरसिंगची आई. रोजगार हमीवर खडी फोडायची. "साहेब, म्या टाकलं. शेणाचा सडा हाय."

"मैदानावर सडा?"

"माझं लेकरू आज तिथं उभं ऱ्हाणार. त्याचंच दार की ते. सणाच्या दिवशी दार कोरडं ठेवतेत का?"

"आणि पाणी?"

"माझ्या वाट्याची घागर. कुणाची चोरली न्हाई."

पोरं हसली. गुरुबसप्पा हसले नाहीत. "हिला कुणी शिकवलं?" त्यांनी मलाच विचारलं.

मी रेषेबाहेर, कोंडाबाईशेजारी उभा राहिलो. टॉस नांदेडनं जिंकला आणि ओला गोल आमच्या वाट्याला आला. नांदेडच्या पोरांनी दोनदा जोरात मारलं. दोन्ही वेळेस चेंडू सड्यात रुतला आणि नरसिंगनं पायानं बाहेर काढला. ती पोरं पुढं येताना घसरलीही. मला हात करून पोरांना सांगायचं होतं, पण हात पाठीमागं बांधून ठेवले. दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या, तोवर उन्हानं जमीन सुकली होती, आणि आमच्या व्यंकटनं त्याच गोलात एक चेंडू घातला. तेवढ्यावर जिंकलो.

गुरुबसप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. हळूच म्हणाले, "पाणी तुम्हीच टाकायला लावलं ना?"

"न्हाई, साहेब."

"बरं, बरं. नका सांगू. कोच तुम्हीच ऱ्हावा." मग जवळ सरकले. "पुढची मॅच नांदेडात हाय. तिकडं तुमचं कोण हाय?"

"लोह्याला माय हाय."

"ती टाकते का सडा?"

"टाकते की. आपल्याच दारात."

त्यांनी मान हलवली. नांदेडला जाताना बसमध्ये त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसले. लोह्याला गाडी थांबली, तेव्हा मी चहाला उतरलो. तेही उतरले.