कठड्यावरचे हात

मित्रांनो, मी दिसायला काही खास नाही. कोरियातल्या इंचॉनच्या बंदरालगत एका जुन्या मिठाच्या गोदामात गाण्याचे कार्यक्रम होतात. तिथे रंगमंचासमोर उभा असलेला मी एक जुना लोखंडी कठडा आहे. जहाजे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात उरलेल्या नळ्या जोडून मला बनवले. माझ्या पायाशी एक रुंद पत्रा आहे. पुढच्या रांगेतले लोक त्यावर उभे राहतात आणि त्यांच्याच वजनाने मी जागचा हलत नाही. दिवसा सफाईवाली बाई माझ्यावर ओली फडकी वाळत घालते. माझा रंग उडाला आहे, याकडे कोणाचे लक्ष नाही.

माझ्या एका बाजूला लोक असतात, दुसऱ्या बाजूला रंगमंच. मधल्या अरुंद जागेत मान-शिक उभा राहतो. तो इथला सर्वांत जुना रखवालदार. त्याचे तोंड लोकांकडे आणि पाठ गाण्याकडे. पूर्वी एकदा त्याच्या जोडीच्या रखवालदाराने गाणे बघायला क्षणभर मान वळवली. नेमका तेव्हाच मागून लोंढा आला आणि कॉलेजातली एक मुलगी माझ्यावर चेपली गेली. तिची बरगडी मोडली आणि माझ्या अंगावर एक पोचा राहिला. तेव्हापासून कार्यक्रम चालू असताना मान-शिकने कधी मागे पाहिले नाही.

बरे, पाहता येत नाही तर ऐकावे, तर तेही नशिबात नाही. मोठे स्पीकर उंच टांगलेले. गाण्याचे शब्द त्याच्या डोक्यावरून थेट मागच्या रांगांत जातात. खाली पोहोचतात फक्त ढोलाचे धक्के. त्यांनी त्याची पँट थरथरते आणि मीही.

त्या दिवशी त्याची लेक गा-रम पहिल्यांदा आमच्याकडे गाणार होती. दुपारी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, आज सुट्टी घ्या ना. मागे खुर्ची ठेवते तुमच्यासाठी."

"आणि इथं कोण उभं राहणार? तो नवा? त्याला स्वतःच्या बुटाचे बंद सांभाळता येत नाहीत."

"मग एकदा तरी वळून बघा."

"तू गा. मी माझं काम करतो. आणि मी तुझा बाप आहे हे कुणाला सांगू नकोस. लोक म्हणतील, पोरगी वशिल्यानं आली."

ती फुरंगटून निघून गेली. मान-शिक मात्र माझ्यावर तळवा टेकून बराच वेळ तसाच उभा राहिला. मी हात ओळखतो, मित्रांनो. तो हात घामाने ओला झाला होता. घरी ती दार लावून सराव करायची आणि हा स्वयंपाकघरात भांडी न वाजवता भिंतीला कान लावून बसायचा. तिला एकदा समोर गाताना बघावे, ही त्याची फार दिवसांची इच्छा होती.

संध्याकाळी गोदाम भरले. मधोमध नेहमीप्रमाणे जम-रे येऊन उभी राहिली. बाजारात शिंपले विकणारी ही बाई एकही कार्यक्रम चुकवत नाही.

"काय हो, आज चेहरा असा का? माझ्याकडून नासके शिंपले नेलेत का काय?" तिने मान-शिकला डिवचले.

"सरळ उभ्या राहा," तो म्हणाला आणि कागदी पेल्यात पाणी भरून त्याने तिच्या हातात दिले.

पहिली गाणी छान रंगली. मग गा-रम म्हणाली, "हे गाणं नवीन आहे. आज पहिल्यांदाच म्हणतेय." आणि नेमके तेव्हाच स्पीकर बंद पडले. मागच्यांना काही ऐकू येईना, म्हणून ते पुढे सरकू लागले. माझ्या नळ्या करकरल्या. तो जुना पोचा दुखावा तसे मला झाले.

"ढकलू नका," मान-शिक दोन्ही हात उंच करून म्हणाला. "जागा आहे सगळ्यांना. एक श्वास घ्या. मागे सांगा, पुढे माणसं आहेत."

त्याचा शब्द एका तोंडून दुसऱ्या तोंडी जात मागे पोहोचला. लोक थांबले आणि गोदाम गप्प झाले. तेव्हा गा-रम रंगमंचाच्या काठावर, अगदी त्याच्या पाठीमागे, येऊन बसली आणि नुसत्या गळ्याने गाऊ लागली. मान-शिक ताठ उभा होता. पण त्याचे ओठ हलत होते.

जम-रे माझ्यावरून पुढे वाकली. "अहो, गाणं नवीन ना? मग तुम्हाला कसं पाठ?"

त्याने पटकन ओठ मिटले.

"तुमची पोरगी?" तिने हळूच विचारले.

त्याने मान खाली घातली.

"मग वळा की."

"कामावर आहे मी. गर्दी पुढे आली तर?"

"गर्दी म्हणजे आम्हीच ना? नाही येत आम्ही."

तिने माझ्यावरचे हात उचलले आणि एक पाऊल मागे घेतले. मागे वळून ती काहीतरी कुजबुजली. मग तिच्या शेजारच्याने हात उचलले, त्याच्या शेजारणीनेही. अख्खी रांग मागे सरकली, तिच्या मागची रांगही सरकली. माझ्यावर एकाही माणसाचा भार उरला नाही.

मान-शिकने मला एकदा चाचपून पाहिले आणि तो वळला.

गा-रमचा सूर क्षणभर अडखळला. रंगमंचावरून तिला तोवर त्याची फक्त पाठच दिसली होती. मग ती पुन्हा गाऊ लागली. मध्येच स्पीकरवरचा लाल दिवा लागला, बिघाड दुरुस्त झाला होता. पण आवाज सांभाळणाऱ्या माणसाने गाणे संपेपर्यंत बटणाला हात लावला नाही. त्या गाण्याचा एकही शब्द मान-शिकच्या डोक्यावरून गेला नाही.

गाणे संपताच त्याने बाहीने डोळे पुसले, लोकांकडे तोंड केले आणि पेले भरायला घेतले.

मित्रांनो, मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल. तुम्ही गाणे ऐकायला जाल, तेव्हा माझ्यासारख्या कठड्यावर खुशाल हात ठेवा, त्यासाठीच मी आहे. पण पुढच्याला श्वास घेता येईल एवढी जागा ठेवा. आणि तुमच्याकडे तोंड करून कोणी उभा असेल, तर एकदा त्याच्या ओठांकडे बघा. वाटले तर एक पाऊल मागे घ्या. आमच्या मान-शिकला त्याची लेक तेवढ्यानेच दिसली.