आधी कोणाला घ्यायचं

"हो की नाही, एवढंच सांगा सिस्टर," पूजा म्हणाली. "पेशंट आल्याबरोबर नर्सने त्याला तपासावं आणि आधी कोणाला घ्यायचं ते तिनेच ठरवावं, असं तुम्हाला वाटतं का?"

गॉजच्या घड्या घालणारे ज्योत्स्नाताईंचे हात थांबले.

नर्सिंग कॉलेजातली ही मुलगी आठवडाभर छापील फॉर्म घेऊन नाशिकमधल्या कॅज्युअल्टी पालथ्या घालत होती. बहुतेक सिस्टरांनी 'डॉक्टर सांगतील तसं' म्हणून तिला वाटेला लावलं होतं.

"हो," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

"आणि एखाद्या पेशंटचं गांभीर्य तुम्हाला कळलं, पण डॉक्टरांना सांगता आलं नाही, असं कधी झालंय?"

"सांगता आलं नाही असं नाही. सांगितलं. पण एकदाच."

पूजाने पेन कागदावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, पंच्याण्णव सालच्या चैत्रातली. वणीच्या गडावरून परतणाऱ्यांची जीप दिंडोरी रस्त्याला उलटली आणि सकाळी दहाच्या सुमाराला बारा-तेरा जण एकदम दारात आले. कोणाचं डोकं फुटलेलं, कोणाचा हात सोललेला, आरडाओरडा, रडारड. त्या गोंधळात सायखेड्याहून आलेलं एक जोडपं भिंतीकडच्या बाकावर अंग चोरून बसलं होतं. कुसाबाई आणि गोटीराम. बाई पन्नाशीची. पोटात जळजळतंय, जबडा ओढल्यासारखा होतोय, एवढंच म्हणत होती. ज्योत्स्नाताईंनी तिचं मनगट धरलं. हात गार, घामाने चिंब, आणि नाडी बोटाखाली सापडत होती, निसटत होती.

त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. "सर, बाकावरच्या बाईंना आधी बघता का? पोटात जळजळतंय म्हणतात, पण हार्टचं वाटतंय."

डॉक्टर टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही. "सिस्टर, रक्त कोणाचं वाहतंय ते बघा. ॲसिडिटी थांबेल थोडी. आणि निदान मला करू द्या."

दोघं-तिघं हसले. ज्योत्स्नाताईंचे कान तापले. त्या गॉज आणायला गेल्या, मग सुया, मग सलाईन. बाकाकडे त्यांनी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा वाटलं, पुन्हा जाऊन सांगावं. दोन्ही वेळा ते हसू आठवलं. पाऊण तासाने डॉक्टरांनी कुसाबाईला हाक मारली तेव्हा तिचं डोकं नवऱ्याच्या खांद्यावर होतं. गोटीरामला वाटत होतं, तिला डुलकी लागली.

त्यानंतर मात्र ज्योत्स्नाताई कधी एकदा सांगून थांबल्या नाहीत. डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या, दोन मेमो घेतले, भांडखोर म्हणून नाव झालं. पण हे सगळं कुसाबाई गेल्यावरचं.

पूजा फॉर्म घेऊन गेली. पुढच्याच रविवारी ज्योत्स्नाताई सायखेड्याच्या बसमध्ये बसल्या.

गोटीराम अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत होता. थकला होता. त्याने त्यांना ओळखलं नाही. सुनेने चहा दिला आणि ती आत गेल्यावर ज्योत्स्नाताईंनी सगळं सांगितलं.

"मला कळलं होतं बाबा. नाडी धरली तेव्हाच. डॉक्टर मला बोलले आणि मी गप्प बसले. पुन्हा सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही."

गोटीरामच्या हातातली शेंग हातातच राहिली. तो म्हणाला, "ती मला म्हनली व्हती, कोनाला तरी हाक मारा. मी म्हनलं, गप पड, मोठ्या लोकांचं काम चालू हाय, येईल आपला नंबर." त्याने शेंग पाटीत टाकली. "पोरान्ला बी नाय सांगितलं हे कधी."

ज्योत्स्नाताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"लय उशीर केला बाई तुम्ही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या.

तो त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला आला. आठवड्याचा बाजार होता; नाशिकची गाडी आली तशी पाट्या, पिशव्या घेऊन माणसं दाराला चिकटली. ज्योत्स्नाताई मागेच उभ्या राहिल्या. तेवढ्यात गोटीराम गर्दीतून पुढे घुसला, खांद्यावरचं उपरणं त्याने खिडकीतून सीटवर टाकलं आणि दाराशी येऊन जोरात ओरडला, "सरका! बाईन्ला आधी चढू द्या!"

त्याचा आवाज चिरकला. ओळखीची माणसं चकित होऊन त्याच्याकडे पाहू लागली आणि बाजूला झाली.

बस हलली. ज्योत्स्नाताई खिडकीतून मागे पाहत राहिल्या. उपरणं द्यायचं राहून गेलं, हे चांदोरी मागे पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.